मॉडेल होडीचं शीड घरी बनवताना: आधी मास्ट, मग कात्री, आणि दोरी सगळ्यात शेवटी

शिडाला सुरकुत्या येतायत, होडी वाऱ्यावर चढतच नाही, म्हणजे वारा येतो त्या बाजूला पुढे जात नाही, नुसती आडवी घसरते, असे फोटो आणि व्हिडिओ मला अधूनमधून येत असतात, आणि बघितलं की कळतं की शीड वाईट कापलेलं नाहीये, क्रम चुकलाय. आधी शीड कापलं, मग मास्ट (शीड लावायचा खांब) उभा केला, मग शीड बसेना म्हणून दोऱ्या ओढत बसले. हे म्हणजे ब्लाउज आधी शिवायचा आणि माप नंतर घ्यायचं तसं. म्हणून इथे ज्या क्रमाने मी करतो त्याच क्रमाने सगळं लिहितोय, मध्ये एखादी पायरी गाळलीत तर पुढची तपासणी तुम्हाला नापास करेल.

उदाहरणाला ६५ सेंटिमीटरची रेडिओ कंट्रोल होडी घेतलीये, एक मेन (मास्टमागचं मोठं शीड) आणि एक जिब (मास्टपुढचं छोटं शीड). माझी मापं: मेनची पुढची कड ८५० मिमी, खालची कड २४० मिमी, जिबची पुढची ६८०, खालची २१०. तुमची होडी एक मीटरची असेल तर पद्धत तीच, आकडे वाढवा. पण आयओएम (इंटरनॅशनल वन मीटर) या रेसिंग क्लासची असेल आणि रेस करायची असेल तर आधी क्लासचे नियम वाचा, तिथे तीन रिग (मास्ट आणि शिडांचे संच) ठरलेले आहेत आणि शिडाची रुंदी ठरावीक उंचीवर मोजतात, पाच मिमी जास्त निघालं तर सगळं काम वाया.

शब्द एकदाच सांगतो. मास्टकडची पुढची कड म्हणजे लफ, मागची मोकळी कड म्हणजे लीच, खालची फूट. वरचं टोक हेड, पुढचा खालचा कोपरा टॅक, मागचा खालचा क्ल्यू. शिडाला जो पोटाचा फुगार असतो तो कॅंबर. वरचा भाग खालच्यापेक्षा जास्त उघडतो तो ट्विस्ट. बास, एवढ्यावर लेख चालतो.

## १. सामान, आणि कशावर पैसे घालवू नका

कापडापासून सुरू करू कारण पहिली चूक इथेच होते. छत्रीचं नायलॉन किंवा रिपस्टॉप नायलॉन घेऊ नका. दिसायला मस्त, रंग पण मिळतात, पण नायलॉन ताणतं आणि दमट हवेत आणखी सैल पडतं, कोकणात किंवा मुंबईत तर सकाळी केलेलं ट्यूनिंग दुपारी गायब. रिपस्टॉपच हवं असेल तर पॉलिएस्टरचं शोधा, मोठे पतंग बनवणारे वापरतात ते.

मी पॉलिएस्टर फिल्म वापरतो. आर्किटेक्ट लोक ड्रॉइंगसाठी वापरायचे ती धुरकट ड्राफ्टिंग फिल्म, ५० मायक्रॉनची. जुन्या स्टेशनरीच्या किंवा प्लॉटिंगच्या दुकानात विचारा, रोल शिल्लक पडलेले असतात. एका बाजूने खरखरीत असते त्यामुळे पेन्सिल उमटते, हा मोठाच फायदा. ७५ मायक्रॉन एक मीटरच्या होडीला किंवा जोरदार वाऱ्यासाठीच्या छोट्या शिडांच्या सेटला ठीक, ६५ सेंमीवर हलक्या वाऱ्यात ते पत्र्यासारखं उभं राहतं.

बाकी यादी:

- ६ मिमी रुंद पातळ डबल साइड टेप. फोमवाली अजिबात नको.
- कोपऱ्यांना लावायला चिकट डेक्रॉन (शिडाचं पॉलिएस्टर कापड), नसेल तर त्याच फिल्मचे तुकडे.
- एक मीटरची स्टील पट्टी आणि नवीन ब्लेडं. एका शिडाला दोन ब्लेडं जातात, कंजूषपणा करू नका.
- लवचिक पट्टी, वक्र रेषा काढायला. वायरिंगच्या केसिंगचं झाकण पण चालतं, फक्त ते एकसारखं वाकतंय का बघा.
- आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि स्वच्छ फडकं.
- काच किंवा सनमायका असलेलं सपाट टेबल.

सावधान: पंखा बंद. ५० मायक्रॉनची फिल्म पंख्याखाली कापायला बसलात तर काय होतं ते मी सांगत नाही, एकदा करून बघाच.

## २. कापण्याआधी मास्ट मोजा

हीच ती पायरी जी सगळे गाळतात. मास्ट कधीच पूर्ण सरळ राहत नाही, बॅकस्टे, म्हणजे मास्टच्या टोकाकडून होडीच्या मागच्या टोकाला येणारी दोरी, ओढला की मास्ट मधे पुढच्या बाजूला वाकतो. शिडाची लफ जर सरळ कापलेली असेल तर वाकलेला मास्ट शिडाच्या मधलं पोट ओढून घेतो, आणि मग तुम्ही शिवणींमध्ये घातलेला सगळा कॅंबर नाहीसा. कार्बनचा मास्ट कमी वाकतो, बारीक अॅल्युमिनियमचा जास्त, त्यामुळे मित्राच्या होडीचा पॅटर्न तुमच्या मास्टला चालेलच असं नाही. नेटवरून उतरवलेल्या पॅटर्नचंही तेच.

कसं मोजायचं:

१. मास्ट होडीवर उभा करा, जिबच्या जागी नुसती जिबस्टेची दोरी लावा (मास्टपासून पुढे येणारी, जिची जिबला लफ असते ती).
२. बॅकस्टे मध्यम वाऱ्यात ठेवाल तेवढा ताणा. जिबस्टे बोटाने दाबला तर थोडा दबला पाहिजे पण लोंबता कामा नये.
३. मास्टच्या मागच्या बाजूने, हेडपासून बूमच्या (शिडाच्या खालच्या आडव्या दांडीच्या) जोडापर्यंत, बारीक दोरा ताठ धरा.
४. दोरा आणि मास्ट यात पाव, अर्ध्या आणि पाऊण उंचीवर किती फट आहे ती लिहून घ्या.

माझ्या मास्टला खालून वर ३, ५ आणि ४ मिमी आली. हेच आकडे मेनच्या लफला बाहेरच्या बाजूने द्यायचे, फार तर मधे एखादा मिमी जास्त. जिबचं उलटं, जिबस्टे वाऱ्याने थोडा मागे आणि बाजूला झोळतो त्यामुळे जिबला आपोआप जास्त पोट येतं, म्हणून जिबची लफ सरळ ठेवा किंवा मधे १ मिमी आत घ्या. बाहेर कधीच नाही.

तपासा: तीन आकडे कागदावर लिहिलेत का? नसतील तर कात्री खाली ठेवा.

## ३. पूर्ण मापाचा पॅटर्न

ब्राउन पेपरवर किंवा जुन्या कॅलेंडरच्या मागे शीड पूर्ण मापात काढा. आधी टॅक, हेड, क्ल्यू हे तीन बिंदू, मग कडा. मेनची लीच हेड ते क्ल्यू रेषेच्या थोडी बाहेर जाऊ शकते पण त्या बाहेरच्या भागाला बॅटन (आडव्या कडक पट्ट्या) लागतात, नाहीतर तो भाग दुमडून फडफडतो. पहिलं शीड असेल तर लीच १० ते १२ मिमीपेक्षा जास्त बाहेर काढू नका. जिबची लीच सरळ किंवा किंचित आत.

आता पॅनेल. मेन चार पॅनेलचं, म्हणजे तीन शिवणी. जिबला तीन पॅनेल पुरतात. शिवणीच्या रेषा लीचला साधारण काटकोनात घ्या. फिल्मला दिशा नसते म्हटलं तरी चालेल, पण विणलेलं कापड असेल तर धागा लीचला समांतर आलाच पाहिजे कारण ताण तिथेच येतो, तिरका आला तर लीच दोन रविवारांत लांबते.

पॅटर्नवर शिवणी काढल्या की प्रत्येक शिवणीवर दर ५० मिमीला एक आडवी खूण करा. ह्या खुणा पुढे जीव वाचवतात.

## ४. शिवणीतला वक्र

सपाट कापडातून पोट कसं येतं हे समजलं की अर्धं काम झालं. खालच्या पॅनेलची वरची कड सरळ ठेवायची. वरच्या पॅनेलची खालची कड थोडी बाहेर फुगवायची. आता ही फुगलेली कड त्या सरळ कडेला पूर्ण लांबीभर चिकटवली की मधे कापड जास्त आणि टोकांना कमी, मग ते जास्तीचं कापड टेबलावरून वर उठतं, तेच पोट. वाटीच्या आकाराची टोपी शिवतात तेच तत्त्व, फक्त इथे मिलिमीटरच्या अंशात.

किती? लोकांना विश्वास बसत नाही पण फार थोडं. माझ्या मेनला:

- खालची शिवण, साधारण २०५ मिमी लांब: १ मिमी
- मधली, १६० मिमी: ०.८ मिमी
- वरची, १०५ मिमी: ०.५ मिमी

जिबला खाली ०.८ आणि वर ०.५. सगळ्यात मोठा फुगार लफपासून ३५ ते ४० टक्क्यांवर. बरोबर मध्यावर नाही! मध्यावर घेतलात तर पोट मागे जातं, लीच आत वळते आणि होडी ब्रेक लावल्यासारखी चालते. मी पहिल्या शिडाला उत्साहात ३ मिमी दिले होते, ते शीड अजून आहे, त्याच्यात पापड वाळत घालता येतील.

एक मिमीचा वक्र हाताने काढता येत नाही म्हणून टेम्प्लेट करा. सनमायकाची पट्टी घ्या, एक कड एकदम सरळ. त्या कडेशी स्टील पट्टी लावा, ३८ टक्क्यांच्या जागी मधे पातळ कार्डाचे तुकडे घाला (व्हिजिटिंग कार्ड साधारण तीन घातली की १ मिमीच्या आसपास जातं, पण व्हर्नियरने मोजून घ्या, कार्डं सगळी सारखी नसतात), दोन्ही टोकं दाबून धरा आणि जो वक्र आला तो धारदार सुईने आखा. मग पॉलिश पेपरने त्या रेषेपर्यंत घासत या. प्रत्येक शिवणीला वेगळी पट्टी. लांब पट्टीचा तुकडा छोट्या शिवणीला वापरू नका, लांबी अर्धी झाली की वक्राची खोली पावच उरते.

तपासा: टेम्प्लेट स्टील पट्टीला लावून उजेडासमोर धरा. फट एकाच जागी सगळ्यात मोठी आणि दोन्हीकडे हळूहळू कमी होत गेली पाहिजे. मधेच खाच दिसली तर शिडावर तिथेच फोड येणार.

## ५. पॅनेल कापणं आणि चिकटवणं

पॅनेल कापताना लफ, लीच आणि फूटला १५ मिमी जादा ठेवा. शिवणीवर फक्त सरळ कडेच्या पॅनेलला ८ मिमी जादा, ती टेपची जागा. खुणा दोन्ही पॅनेलवर उतरवून घ्या, पेन्सिलने, बॉलपेनने नाही कारण ती शाई टेपखाली पसरते.

मग क्रमाने:

१. शिवणीची जागा अल्कोहोलने पुसा. बोटाचा घाम हा टेपचा शत्रू आहे, विशेषतः मे महिन्यात.
२. खालच्या पॅनेलवर टेप लावा, वरचा कागद तसाच ठेवा. टेप ओढून लावू नका, नुसती ठेवत जा. ताणलेली टेप रात्रभरात आकसते आणि सकाळी शिवण चुण्या पडलेली मिळते.
३. ३८ टक्क्यांच्या जवळच्या खुणेपाशी कागद कापून दोन-तीन सेंटिमीटर टेप उघडी करा. वरच्या पॅनेलची तीच खूण तिथे टेकवा.
४. आता लफकडे, थोडा थोडा कागद काढत, कड रेषेला जुळवत, खूण खुणेला मिळवत जा. फिल्म टेबलावरून उचलली जाईल, उचलू द्या.
५. मग तसंच लीचकडे.
६. पूर्ण झाल्यावर शिवणीखाली एखादी गोल बरणी धरून नखाने दाबा.

चौथ्या पायरीत लोक घाबरतात. फिल्म उठायला लागली की हाताने दाबून सपाट करतात आणि तिथेच मेहनत मातीत. टेबलावर सपाट बसणारं शीड पाहिजे असतं तर शिवणी कशाला केल्या असत्या राव.

खालून वर एकेक शिवण. सगळ्या ओव्हरलॅप एकाच बाजूला आल्या पाहिजेत, एक उलटी एक सुलटी झाली तर चालतं पण दिसायला घाण.

सावधान: खुणा जुळत नाहीत आणि टोकाला २ मिमीचा फरक पडतोय असं दिसलं तर पूर्ण शिवण उघडा. टोक ओढून जुळवू नका. ताजी टेप अल्कोहोलने सुटते, उद्या सुटणार नाही.

## ६. बाहेरची कड

आता शीड सपाट नाहीये त्यामुळे पॅटर्नवर एकदम ठेवून सगळ्या कडा कापता येत नाहीत. आधी लफकडचा तीनेक इंचाचा पट्टा पॅटर्नवर सपाट बसवा, मास्किंग टेपने धरा, भाग २ मधले आकडे टाकून लवचिक पट्टीने वक्र आखा, कापा. मग सोडा, लीचकडचा पट्टा सपाट करा, ती कापा. फूट सगळ्यात शेवटी, बाहेरच्या बाजूला गोलसर.

कोपऱ्यांना पॅच: क्ल्यू आणि हेडला दोन थर, टॅकलाही दोन. खालचा मोठा ४० मिमी, वरचा २५, म्हणजे ताण एकाच रेषेवर संपत नाही. भोकं गरम सुईने किंवा २ मिमीच्या आयलेटने. बॅटन त्याच फिल्मचे दोन-तीन थर किंवा पातळ प्लास्टिक, ५ मिमी रुंद, लीचपासून आत. ते लीचपासून पुढे पातळ होत गेले तर उत्तम, नाहीतर आतल्या टोकाशी शीड मोडल्यासारखं दिसतं.

मेन मास्टला बांधायला दर ६० ते ७० मिमीला दोऱ्याची वळी, आणि ती सैल. मास्ट आणि वळं यात एक-दीड मिमी खेळ पाहिजे. घट्ट बांधलेलं शीड होडी वाऱ्याची बाजू बदलते तेव्हा दुसऱ्या बाजूला पलटत नाही आणि प्रत्येक गाठीपासून एक सुरकुती निघते. फोटोतल्या सुरकुत्यांमध्ये हे कारण मला सगळ्यात जास्त वेळा दिसतं. जिबला लफवर दुमडून खिसा करायचा, जिबस्टे त्यातून मोकळा सरकला पाहिजे, चुकून टेपला चिकटला तर संपलं.

तपासा: शीड बांधा आणि होडी आडवी धरा, म्हणजे शीड वजनाने खाली झोळेल. मध्य उंचीवर लफ ते लीच पट्टी ठेवून खोली मोजा. १६५ मिमी रुंदीला १२ मिमीच्या आसपास आणि लफपासून साधारण ६० मिमीवर, तर काम जमलं. २० आली तर शिवणी जास्त झाल्यात, ट्यूनिंगने ते लपणार नाही, नवीन शीड करा. दुसरं अर्ध्या वेळात होतं.

## ७. घरातलं ट्यूनिंग, ह्याच क्रमाने

इथे प्रत्येक गोष्ट पुढच्या गोष्टीला हलवते, म्हणून मधूनच सुरुवात केली की गोल गोल फिरत बसता.

१. मास्ट बाजूने सरळ. हेडला दोरा बांधून दोन्ही बाजूच्या डेकच्या सारख्या बिंदूंपर्यंत मोजा. फरक शून्य.
२. बॅकस्टे. भाग २ मध्ये मास्ट मोजताना होता तेवढाच, म्हणजे फटीचे तेच तीन आकडे येतील असा. म्हणून म्हटलं होतं लिहून ठेवा.
३. लफचा ताण. वळ्यांमधल्या आडव्या सुरकुत्या जेमतेम जातील एवढाच. लफला समांतर उभी घडी दिसली म्हणजे जास्त झालं.
४. फूट. बूमच्या मध्यापासून शिडाच्या फुटापर्यंत बाजूला १० ते १२ मिमी फट.
५. मेनचा ट्विस्ट. व्हँगने, म्हणजे बूमला खाली ओढून धरणाऱ्या दोरीने. होडीच्या मागे बसून बघा, सगळ्यात वरचा बॅटन बूमला समांतर करा, मग अगदी थोडा उघडा.
६. जिबचा ट्विस्ट. जिबच्या बूमच्या मागच्या टोकाकडून वर जाणाऱ्या दोरीने. जिबची लीच मेनच्या पोटाच्या वक्राशी साधारण समांतर दिसली पाहिजे. जिब वर जास्त बंद असेल तर वारा मेनवर आदळतो आणि मेनची लफ उगाच फुगते-पिचकते.
७. शीट, म्हणजे बूम ओढायची दोरी, शेवटी. पूर्ण ओढल्यावर मेनच्या बूमचं टोक मध्यरेषेपासून ५ ते १० मिमी बाहेर, जिबचं २५ ते ३०. हे फक्त सुरुवातीचं माप.

बहुतेक जण सातवी पायरी पहिली करतात, दोन्ही शिडं मध्यरेषेपर्यंत ओढून. होडी वाऱ्याकडे तोंड करून दिसते छान, पण पुढे जात नाही.

जिबच्या बूमचा फिरायचा बिंदू पुढच्या टोकापासून २० ते २५ टक्क्यांवर आहे ना तेही बघून घ्या. जास्त मागे गेला तर मागून वारा असताना जिब बाहेर उघडतच नाही.

सुरकुत्या वाचायला शिका. क्ल्यूकडून मास्टच्या मध्याकडे तिरक्या रेषा म्हणजे मास्ट लफपेक्षा जास्त वाकलाय, बॅकस्टे सोडा. सोडूनही गेल्या नाहीत तर लफचा वक्र कमी कापलाय. फक्त कोपऱ्यापाशी पंख्यासारख्या चुण्या असतील तर पॅच लहान आहे. लीच फडफडत असेल तर बॅटन बघा, व्हँग करकचून ओढू नका.

## ८. पाण्यावर

पहिल्या दिवशी हलका, एकसारखा वारा हवा. झाडांनी किंवा इमारतींनी वेढलेल्या छोट्या तलावावर वारा गोल फिरतो, तिथे ट्यूनिंग करणं म्हणजे डोकं आपटणं. आमच्याकडे उन्हाळ्यात दुपारनंतर पश्चिमेचा वारा चांगला लागतो, मी धरणाच्या अशा काठावर जातो जिथे तो उघड्या पाण्यावरून येतो. आणि हो, धरणावर परवानगी लागते का ते आधी विचारा.

दोन्ही शिडांना टेलटेल (हवा कशी वाहतेय ते दाखवणाऱ्या हलक्या पट्ट्या) लावा, जुन्या ऑडिओ कॅसेटच्या टेपचे ५० मिमीचे तुकडे यासारखं दुसरं काही नाही. जिबला लफपासून थोडं मागे दोन्ही बाजूंना, मेनला लीचवर वरच्या बॅटनपाशी.

मग वाऱ्यावर चढवा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला.

- रडर (सुकाणू) सरळ ठेवला तर होडी झपकन वाऱ्याकडे वळते: मास्ट थोडा पुढे झुकवा. वाऱ्यापासून लांब पळते: मागे. अगदी हळू वाऱ्याकडे वळली तर हात लावू नका, तेच हवंय.
- मेनच्या लीचवरचा टेलटेल सतत शिडामागे लपतोय: ट्विस्ट कमी आहे, व्हँग सैल करा. सतत सरळ उडतोय: थोडा घट्ट करून बघा. कधी उडतो कधी लपतो ही बरोबर स्थिती.
- जिबचा बाहेरचा, म्हणजे वाऱ्याच्या उलट बाजूचा, टेलटेल लोंबतोय: जिब जास्त ओढलीये.
- झुळूक आली की होडी नुसती आडवी होते, वेग नाही: ट्विस्ट वाढवा आणि फूट सपाट करा.

वाऱ्यानुसार पोट बदलताना एक गैरसमज पक्का बसलेला आहे की वारा जितका कमी तितकं पोट जास्त. मॉडेलला हे अर्धंच खरं. अगदी मेलेल्या वाऱ्यात, पाणी आरशासारखं असताना, हवेला खोल वक्राला चिकटून राहायला जोर नसतो, ती सुटते, तेव्हा शीड सपाट पाहिजे, फुटाची बूमपासूनची फट ५ मिमी. टेलटेल हलायला लागले की १० ते १२. आणि डेक पाण्यात जायला लागला की परत ५, बॅकस्टे जास्त, ट्विस्ट जास्त. त्याच्याही पुढे वारा गेला तर छोटा सेट लावा, मोठ्याशी मारामारी करून सर्वो (दोऱ्या ओढणारी छोटी मोटर) जळतो.

जमलेली मापं तिथेच काठावर बूमवर पर्मनंट मार्करने खुणा करून ठेवा, घरी जाऊन आठवत नाहीत. शीड काढताना बॅकस्टे आणि लफ दोन्ही सैल करा, ताणलेलं ठेवलं तर लफ लांबते. घडी कधीच नाही. फुटाला समांतर गुंडाळून पीव्हीसी पाइपात, पाइपाचा व्यास ७५ मिमी तरी हवा, आणि पाइप उन्हात तापलेल्या गाडीच्या डिकीत ठेवू नका, टेप सरकते आणि शिवणी फिरतात, माझा एक पूर्ण सेट असाच गेला.